‘तुमचं घराणं कुठून आलं?’

लेक पाचवीत असताना तिच्या शाळेत एक प्रकल्प होता. जगाचा नकाशा घ्यायचा, आपल्या घरातलं अमेरिकेत आलेलं पहिलं माणूस जिथून निघालं तिथे टाचणी टोचायची, तिथून न्यू जर्सीपर्यंत लोकरीचा धागा ताणायचा आणि खाली दहा ओळींत गोष्ट लिहायची. आमचं काम पंधरा मिनिटांत उरकलं. साताऱ्याला टाचणी, लाल लोकर, आणि बाबा दोन बॅगा नि एक प्रेशर कुकर घेऊन कसा आला ही गोष्ट. ती आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की कुकरची शिटीसुद्धा ठरलेल्या जागी वाजते.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी भिंतीभर नकाशे लागले होते. पोलंड, हैती, गुजरात, इटली, कोरिया. एका मुलाचा धागा मात्र जेमतेम बोटभर होता. जॉर्जिया ते न्यूअर्क. पणजी आगगाडीने आली होती, असं त्याने लिहिलं होतं. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य. वर्गशिक्षिका त्याच्याशेजारी वाकून मायेने म्हणाल्या, “छान! आणि त्याच्या आधी?” मुलगा म्हणाला, “त्याच्या आधी पण जॉर्जिया.” बाईंनी त्याला आणखी एक टाचणी दिली. ती त्याने नकाशाच्या कडेला, जिथे ना जमीन ना समुद्र, नुसता पांढरा कागद होता, तिथे टोचून ठेवली.

बाईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. भल्या बाई आहेत. पण प्रश्नच असा होता की काही मुलांच्या खिशात उत्तर तयार असावं आणि काहींना ते सापडूच नये. अमेरिकेतल्या शाळांमध्ये स्थलांतराचा धडा बहुधा याच प्रश्नावर उभा असतो. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न वर्गातून काढून टाकावा. मुलांच्या घरात डोकावू नये. त्याऐवजी सगळ्या वर्गापुढे एकच जुना कागद ठेवावा. बोटीवरची उतारूंची यादी, एखादी जबानी, एखादं निकालपत्र. आणि विचारावं, हा फॉर्म कोणी छापला? हा रकाना कशासाठी आहे? तो कोणाला भरावा लागला नाही? बाहेरून आलेल्या माणसाच्या कष्टांची गोष्ट सगळेच सांगतात. दार कोणी बसवलं आणि कडी कोणाच्या हातात होती, एवढंच सांगायचं राहून जातं.

शब्द किती घोटाळा करतात ते २०१५ साली टेक्सासमध्ये दिसलं. ह्यूस्टनजवळ नववीतल्या एका मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून आईला पाठवला. पानावर स्थलांतराचे प्रवाह दाखवणारा नकाशा होता आणि शेजारी लिहिलं होतं की अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापारामुळे आफ्रिकेतून दशलक्षावधी (मूळ इंग्रजीत ‘मिलियन्स’) ‘कामगार’ दक्षिणेतल्या मळ्यांवर काम करायला आले. आईने ते जगाला दाखवल्यावर प्रकाशकांनी माफी मागून मजकूर बदलला. सगळ्यांचा राग ‘कामगार’ या शब्दावर होता आणि तो रास्तच होता. मला मात्र त्या वाक्यातला आकडाही खटकला. आफ्रिकेतून थेट आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या गुलामांची संख्या अभ्यासक सुमारे ३ लाख ८८ हजार धरतात. १८६० च्या जनगणनेत मात्र गुलाम जवळपास ४० लाख आहेत. म्हणजे बहुतेक सगळे इथेच जन्मलेले. त्या काळात दहाएक लाख माणसं व्हर्जिनिया, मेरीलँडकडून साखळ्या घालून किंवा बोटींतून खाली कापसाच्या मुलखात विकली गेली. आयाबापांपासून पोरं तुटली ती बरीचशी याच प्रवासात. हेही स्थलांतरच, पण लोकरीच्या धाग्याने दाखवता न येणारं.

‘आपण सगळेच बाहेरून आलेले’ हे वाक्य इथल्या पाठ्यपुस्तकांचं लाडकं आहे. ऐकायला गोड, सर्वांना कवेत घेणारं. पण आमच्या घरापासून थोड्या अंतरावर रॅरिटन नदी वाहते. पसेइक, हॅकेनसॅक, रॅरिटन ही नावं इथल्या मूळनिवासी लेनापी लोकांच्या भाषेतून आली. नावं राहिली, माणसं गेली. त्यांचे वंशज आज मुख्यतः ओक्लाहोमात आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओत आहेत. तिकडे ते हौसेने गेले नाहीत. मूळनिवासींना पश्चिमेला हलवण्याच्या १८३० च्या कायद्यानंतर दक्षिणेतल्या चेरोकी लोकांनाही असंच हाकलत नेलं, त्यात सुमारे चार हजार वाटेत आणि छावण्यांत मेले. ‘कोण आलं?’ एवढंच विचारणाऱ्या प्रकल्पात ‘इथून कोण गेलं?’ या प्रश्नाला जागाच नसते.

पुन्हा त्या बोटभर धाग्याकडे येते, कारण भिंतीवरची सर्वांत मोठी गोष्ट तीच होती. १९१० च्या सुमारास अमेरिकेतले दहापैकी नऊ कृष्णवर्णीय दक्षिणेत राहत. पुढच्या साठ वर्षांत सुमारे ६० लाख माणसं तिथून उठून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, न्यूअर्क आणि पुढे लॉस एंजेलिसला गेली. कापसावर बोंडभुंगेरा पडला होता. महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले होते आणि कारखान्यांना हात हवे होते. या सगळ्याच्या मुळाशी दक्षिणेतलं रोजचं जगणं होतं. वाट्याने केलेल्या शेतीचा हिशेब मालकाच्या वहीत, मत द्यायला गेलं तर मार, आणि जमावाने झाडाला टांगलेली माणसं.

आता यातली कडी कोणाच्या हातात होती ते बघा. देश तोच, घटना तीच, नागरिकत्वही कागदोपत्री तेच. व्हिसा लागत नव्हता. तरी जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर न्यायला येणाऱ्या दलालाच्या परवान्याची फी २५ हजार डॉलर करून ठेवली होती. काही गावांत पोलीस फलाटावरून माणसं उचलत, तिकीट हातात असताना. ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र दक्षिणेत उघडपणे विकणं धोक्याचं, म्हणून झोपण्याच्या डब्यांमधले नोकर ते गठ्ठ्यांनी लपवून नेत. त्यात गाड्यांची माहिती असे, नोकऱ्या असत, आणि आधी गेलेल्यांची पत्रंही. मुंबईहून गावी गेलेला चाकरमानी पारावर जे सांगायचा, ते काम हा कागद करत होता.

जेकब लॉरेन्स या चित्रकाराने या प्रवासावर ६० चित्रं काढली, वयाची पंचविशी गाठायच्या आत. तो जन्मला न्यू जर्सीतच, अटलांटिक सिटीत, असाच उत्तरेकडे सरकत आलेल्या कुटुंबात. (ती मालिका पुढे दोन संग्रहालयांनी वाटून घेतली. सम क्रमांकाची चित्रं न्यूयॉर्कला, विषम वॉशिंग्टनला. भावकीत भांडी वाटावीत तशी.) त्या मुलाला दुसरी टाचणी देण्याऐवजी बाईंनी यातली दोन चित्रं भिंतीवर लावली असती तर आमच्या साताऱ्याच्या लांबलचक धाग्याकडे कोणी वळून पाहिलं नसतं.

शाळांचा दुसरा आवडता कार्यक्रम म्हणजे ‘एलिस आयलंड दिवस’. मुलं टोप्या, शाली, आजोबांची जुनी जाकिटं घालून येतात. व्यायामशाळेत टेबलं मांडलेली असतात, पालक अधिकारी होतात. मीही एकदा झाले होते. शिक्का मारायचा आणि ‘वेलकम टू अमेरिका’ म्हणायचं. मुलं खूश, मीही खूश. पुढे खऱ्या एलिस आयलंडची माहिती वाचत गेले तेव्हा आम्ही काय काय गाळलं होतं ते कळलं.

न्यूयॉर्कच्या बंदरातलं हे ठाणं १८९२ पासून १९५४ पर्यंत चाललं आणि सुमारे १ कोटी २० लाख माणसं तिथून आत गेली. (बेटाचा बराचसा भाग न्यू जर्सीचा आहे, असं १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. आम्हा जर्सीकरांना हे सांगायला फार आवडतं.) पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच उरकायची. बेटावर यायची ती तळातल्या वर्गातली माणसं. ती जिना चढत असताना वर डॉक्टर उभा असे. कोण धापा टाकतं, कोण लंगडतं, हे काही सेकंदांत हेरून तो कोटावर खडूने अक्षर काढी. हृदयासाठी एक, पायासाठी एक, डोळ्यांसाठी एक, आणि डोकं ठीक नसल्याचा संशय असला तर फुली. बुटांची बटणं लावायच्या आकड्याने पापणी उलटी करून खुपरी तपासत. मग यादीवरचे एकोणतीस प्रश्न. त्यातला एक फार मजेशीर होता. इथे काम ठरलेलं आहे का? शहाणा माणूस ‘हो’ म्हणेल. पण १८८५ च्या कायद्याने परदेशातून कराराने मजूर आणायला बंदी होती, तेव्हा ‘हो’ म्हणणारा परत जाऊ शकत होता. ‘नाही, पण हात धडधाकट आहेत’ हे बरोबर उत्तर. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माझ्यासारखीला हे वाचून हसू आलं. आम्हाला नोकरीच्या पत्राशिवाय विमानतळाबाहेर पाऊल टाकता आलं नसतं.

एवढं करूनही परत पाठवले गेले ते शंभरात सुमारे दोन. युरोपातून येणाऱ्याला तेव्हा कोटा नव्हता, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी व्हिसाही लागत नव्हता. ‘आमचे आजोबा कायद्याने आले’ असं अभिमानाने सांगणाऱ्याला मुलांनी हेच विचारायला शिकावं की बेकायदा यायचं म्हटलं तर त्यांना काय करावं लागलं असतं? कोटा आला तो १९२१ मध्ये, आणि १९२४ मध्ये तो नीट आवळला. देशवार वाटा (त्या देशातून आलेल्यांच्या दोन टक्के) ठरवताना १८९० ची जनगणना धरली. नवी नव्हे, मुद्दाम जुनी. कारण त्या साली इटालियन, पोलिश, ज्यू लोक अमेरिकेत अजून थोडे होते. शिकवायला यापेक्षा सुंदर गणित दुसरं नाही. दोन जनगणना द्या, दोन टक्क्यांचा हिशेब मुलांना करू द्या, मग विचारा की आकडा कोणी निवडला.

त्याच वेळी देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, एंजल आयलंड नावाचं ठाणं होतं. १९१० ते १९४०. तिथे खडू नव्हता, जबानी होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी घातलेली होती, पण इथे जन्मलेल्या नागरिकाच्या मुलाला येता येई. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं जन्मनोंदीचं दप्तर जळालं, आणि मग कितीतरी चिनी माणसांनी आपण इथलेच असल्याचं सांगितलं, गावाकडची मुलं, पुतणे, शेजारी ‘मुलगे’ म्हणून कागदावर आणले. अधिकाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून प्रश्न असे: तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठे? शेजारच्या ओळीत तिसरं घर कोणाचं? मुलाला एका खोलीत विचारायचं, बापाला दुसऱ्या, आणि उत्तरं ताडून पाहायची. जुळली नाहीत तर परत. मुलं बोटीवर पाठांतराच्या वह्या घोकत आणि बंदर दिसलं की समुद्रात फेकून देत. आठवडे, महिने डांबून ठेवलेल्या माणसांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनी कविता कोरल्या. १९७० साली इमारत पाडायला निघाली होती तेव्हा उद्यानाच्या एका रखवालदाराला त्या दिसल्या आणि इमारत वाचली. हिंदुस्थानी माणसंही याच बेटावरून जात, आणि नकार मिळण्यात त्यांचा क्रमांक फार वरचा होता. पंजाबातले मजूर सर्वांत जास्त, पण थोडे विद्यार्थीही.

पश्चिम किनाऱ्यावर शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांत आपली माणसं होती हे इथल्या मराठी मुलांना कोणी सांगत नाही. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेती शिकले, गदर चळवळीत शिरले आणि शेवटी मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करणारे प्राध्यापक झाले. तिथला प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा याने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं आहे. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे याच वायव्य किनाऱ्यावर शिकायला आले, परत गेले आणि १९१५ साली लाहोरला फासावर चढले. आमच्या मंडळांच्या कार्यक्रमांत आनंदीबाई असतात, असाव्यातच. पण ज्या किनाऱ्यावर हे दोघे वावरले तिथेच, बेलिंगहॅम गावात, सप्टेंबर १९०७ मध्ये जमावाने लाकडाच्या गिरण्यांतल्या हिंदुस्थानी मजुरांना रातोरात हुसकून लावलं होतं, हे सांगितलं की सत्कारसमारंभाचा सूर बिघडतो.

आणि मग भगतसिंग थिंड, नागरिकत्वासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले. हा खटला मी रविवारच्या मराठी वर्गातल्या मोठ्या मुलांबरोबर दोनदा वाचला आहे. थिंड १९१३ मध्ये आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, पगडीसकट. १७९० पासूनचा कायदा म्हणत होता की नागरिकत्व ‘मुक्त गोऱ्या’ माणसालाच. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. मधले आशियाई कुठेच नाहीत. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुमची कातडी कितीही गोरी असो, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही ते नाही. थिंडांच्या वकिलांना वाटलं, झालं काम. वंशशास्त्राची तेव्हाची पुस्तकं उत्तर हिंदुस्थानातल्या माणसाला कॉकेशियनच म्हणत होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की वंशशास्त्र राहू द्या बाजूला, गोरा म्हणजे सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो. तीन महिन्यांत मोजपट्टी बदलली. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड. आणि ते स्वतः जन्मले होते इंग्लंडमध्ये.

मुलं इथे चिडतात. मी त्यांना जरा चिडू देते, मग पुढचं पान देते. थिंडांची बाजू मांडताना युक्तिवाद असा केला होता की उच्चवर्णीय हिंदू माणूस मूळनिवासी हिंदुस्थानी माणसाकडे, लग्नसंबंधांच्या बाबतीत, जसा अमेरिकन गोरा निग्रोकडे पाहतो तसाच पाहतो. म्हणजे आम्ही जात पाळतो, आम्ही रक्त शुद्ध ठेवलं आहे, म्हणून आम्ही तुमच्यातले. (थिंड शीख होते. पण त्या काळच्या अमेरिकेत हिंदुस्थानातला कोणीही ‘हिंदू’. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंश म्हणून नोंदवला जाई.) एका मुलीने विचारलं, “मग हा चांगला की वाईट?” मी म्हटलं, मला माहीत नाही, तू सांग. वर्गात पहिल्यांदाच कोणाला शिटी वाजणारा कुकर आठवला नाही.

निकालानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा हिंदुस्थानी लोकांचं ते काढून घेण्याची मोहीम निघाली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई त्यांत होते. नागरिकत्व गेलं, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने घर-दुकान गेलं, मायदेशी भेटीला जायला पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला आणि वर्तमानपत्रासाठी पत्र लिहून ठेवलं. त्यांच्या पत्नी कला बगाई मुलांना घेऊन मागे राहिल्या. पूर्वी बर्कलीत हे कुटुंब नव्या घरी सामान घेऊन गेलं तेव्हा शेजाऱ्यांनी दाराला कुलूप घालून ठेवलं होतं. आज त्याच बर्कलीतल्या एका रस्त्याला कलाबाईंचं नाव आहे. थिंडांना शेवटी १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं, तेही कॉकेशियन म्हणून नव्हे, माजी सैनिक म्हणून.

आता आमच्याकडे वळते, कारण मला खरं भांडायचं आहे ते घरातल्यांशी. आमच्या बैठकांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘आम्ही मेहनतीने आलो’ आणि ‘आम्ही रांगेत उभे राहिलो.’ मेहनत खोटी नाही. पण १९२४ सालचा माणूस आळशी होता म्हणून आला नाही असं नव्हे. १९४६ साली हिंदुस्थानला वर्षाला शंभर जागा मिळाल्या. पूर्ण हिंदुस्थानला शंभर. दार खरं उघडलं ते ३ ऑक्टोबर १९६५ ला, जेव्हा लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, १९२४ चे देशवार कोटे रद्द करणाऱ्या नव्या कायद्यावर सही केली. कायद्याच्या जनकांपैकी एक, ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर, यांनी १९२४ चा कोट्याचा कायदा येत असताना नवखे खासदार म्हणून विरोधात मत दिलं होतं. एकेचाळीस वर्षं हा माणूस त्याच कामाला लागून राहिला. आणि वंशावरून माणूस नाकारणं लाजिरवाणं वाटू लागलं ते कोणामुळे? १९६४ चा नागरी हक्क कायदा, ऑगस्ट १९६५ चा मतदान हक्क कायदा, आणि मग ऑक्टोबरमध्ये हा. आमचं ग्रीनकार्ड दक्षिणेतल्या सेल्मा-बर्मिंगहॅममध्ये नागरी हक्कांसाठी लाठ्या खाल्लेल्या कृष्णवर्णीयांच्या मागून आलं आहे. त्या मुलाचा बोटभर धागा आणि आमचा लांब धागा यांची गाठ इथे आहे. शाळेत ती दिसत नाही, कारण कृष्णवर्णीयांचा इतिहास फेब्रुवारीत शिकवतात आणि आशियाईंचा मे महिन्यात. न्यू जर्सीने २०२२ मध्ये आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवणं सक्तीचं केलं, आनंद आहे. पण महिन्यांची वाटणी तशीच.

रांगेचंही ऐका. ज्या कायद्याने आम्हाला दार उघडलं त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदा आकड्याची मर्यादा घातली. त्याआधी मेक्सिकोला कोटाच नव्हता. शेतमजुरांना कराराने आणायची योजना १९४२ पासून चालली होती, ती १९६४ मध्ये बंद झाली. शेतं तीच, माणसं तीच, पिकं तीच, एका वर्षात येणारा बेकायदा झाला. शिवाय १८४८ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोचा जवळपास निम्मा मुलूख घेतला, तेव्हा तिथली कितीतरी घरं जागची हललीच नव्हती, सीमाच त्यांच्यावरून सरकली होती. १९३० च्या मंदीत लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना आगगाड्यांत बसवून पाठवून दिलं, त्यांत इथे जन्मलेले नागरिक बरेच होते. कॅलिफोर्नियाने त्याची माफी मागितली २००५ मध्ये. आज देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे भारतीयांना ग्रीनकार्डासाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं, तेव्हा आम्हीच ओरडतो की रांगच चुकीची आखली आहे. बरोबर आहे. मग दुसऱ्यांच्या रांगेबद्दलही तेवढं तरी म्हणावं.

यावर पहिला आक्षेप येतो की लहान मुलांच्या मनात देशाबद्दल कडवटपणा येईल, गोऱ्या मुलांना अपराधी वाटेल. टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांनी २०२१-२२ च्या सुमारास वर्गात वंशाबद्दल काय बोलावं यावर कायदेच केले. अॅरिझोनाने त्याआधीच, २०१० च्या कायद्याने, टूसॉनमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडला होता. २०१७ मध्ये न्यायालयाने त्यामागे वंशद्वेष असल्याचा निर्वाळा दिला. माझा अनुभव उलटा आहे. ‘तुझ्या पणजोबांनी काय केलं?’ असं विचारलं की मूल आक्रसतं, मग ते कोणत्याही रंगाचं असो. ‘या कागदावर काय लिहिलंय?’ असं विचारलं की ते पुढे सरसावतं. आणि कागद नुसती फिर्याद करत नाहीत. एलिस आयलंडवर अधिकाऱ्यांनी लोकांची नावं बदलली, ही घराघरांतली गोष्ट घ्या. अधिकारी नावं लिहीतच नसत, बोटीच्या यादीवरून वाचत. नावं बदलली ती बहुतेक त्या माणसांनीच, पुढे, आपल्या सोयीने. आजोबांवरचा एक अन्याय कमी झाल्याचं ऐकून काही मुलांना चक्क वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. घरची गोष्ट काढून घेतली तर मुलांना इतिहास आपला वाटेल का? आजीला विचारण्यात जे आहे ते फोटोकॉपीत कुठून येणार? खरं आहे. आजीला विचारावंच. पण घरी विचारावं, शाळेच्या भिंतीवर टांगायला नव्हे. १९८२ मध्ये टेक्सासच्या टायलर गावातून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजे प्रत्येक वर्गात असं मूल असू शकतं, आणि शाळेने ते शोधू नये अशीच अपेक्षा आहे. मग त्याच मुलाला टाचणी देऊन ‘तुझे आईबाबा कसे आले ते दहा ओळींत लिही’ म्हणायचं? त्या मुलाला घरून काय बजावून पाठवलं असेल? दत्तक घेतलेलं मूल आहे, बापाचा पत्ता नसलेलं आहे, युद्धातून आलेलं आणि ते बोलू न शकणारं आहे. जुन्या कागदावरची माणसं मेलेली असतात. त्यांना कोणी पकडून नेत नाही.

वर्गशिक्षिकांना मी हे सगळं एका भेटीत सांगितलं, इतकं लांबलचक नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं, एंजल आयलंडची जबानी मागून घेतली आणि म्हणाल्या की प्रकल्प बदलणं त्यांच्या एकटीच्या हातात नाही, पण एक तास काढता येईल. काढतील असं वाटतं.

त्या रात्री जेवताना आम्ही घरीच एक प्रयोग केला. तिघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, एकमेकांचं पाहायचं नाही. प्रश्न: साताऱ्याच्या घराला बाहेरून पायऱ्या किती? नवरा त्या घरात जन्मला, वाढला. त्याने क्षणात लिहिलं, सात. मी पाच लिहिलं. लेकीने दोन उन्हाळ्यांच्या आठवणीवरून चार. नवरा म्हणाला, तुम्ही दोघी परत जा, मी राहतो. मग सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, त्या तुळशीला पाणी घालत होत्या.

“पायऱ्या? चार,” आई म्हणाल्या. “सात होत्या रे आधी. रस्ता दोनदा उचलला ना नगरपालिकेने, खालच्या तीन गेल्या आत. तुला कुठलं माहीत असणार, तू असतोस कुठे इथं?”

लेकीने बाबाच्या कागदावर खडू नव्हता म्हणून पेन्सिलीनेच भली मोठी फुली मारली. आई फोन कानाजवळ आणून म्हणाल्या, “पण अगं, हे विचारतंय कोण? आणि त्यांना आपल्या पायऱ्यांशी काय करायचंय?”